आमच्या सोसायटीतली दूरसंचार क्रांती

सोसायटीचा सेक्रेटरी व्हावं अशी कुणाचीच महत्त्वाकांक्षा नसते. ती मीटिंगला उशिरा पोचल्याची शिक्षा असते. तीन वर्षांपूर्वी मी दहा मिनिटं उशिरा पोचलो, तोवर माझं नाव सुचवून झालं होतं, त्याला अनुमोदन मिळालं होतं आणि चहाही संपला होता. चहा संपल्याचं वाईट वाटलं. बाकीच्याचं वाईट वाटायला पुढे भरपूर वेळ मिळाला.

कामोठ्यातली आमची ‘नवज्योत’ सोसायटी म्हणजे चार मजले, चोवीस घरं आणि लिफ्ट नाही. मी चौथ्या मजल्यावर, चारशे चारमध्ये. नोकरी वाशीला, एका भाषांतर करणाऱ्या कंपनीत. तिथे मी मराठी मजकूर तपासतो. मिक्सरच्या माहितीपुस्तिका, विम्याच्या अटी, खोकल्याच्या औषधाच्या चिठ्ठ्या. तुमच्या घरच्या कुकरच्या पुस्तिकेत ‘शिट्टी’ शब्द बरोबर छापला असेल तर त्यात माझा हात असण्याची शक्यता आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक जाडजूड अहवाल आला. ‘इंटरनेटवर आधारित दूरसंचार सेवा : वाढ आणि गुंतवणुकीचे कल’. पंधरा दिवस मी त्यात गळ्यापर्यंत बुडालो होतो. पानापानावर आलेख होते, आणि प्रत्येक आलेखातली रेषा डावीकडून निघून उजवीकडे वर वर जात होती, आमच्या जिन्यासारखी, फक्त धापा न टाकता. तारा जाणार, खांब जाणार, टेलिफोन नावाचं यंत्र जाणार, सगळं बोलणं इंटरनेटवरून होणार आणि शहाणे लोक त्यातच पैसा घालणार, असा एकूण सूर होता. आमच्या धंद्यात एक जुना आजार आहे. एखाद्या गोष्टीचं शुद्धलेखन तपासलं की ती आपल्याला समजली असं वाटायला लागतं. मला तो त्या पंधरा दिवसांत कडकडून झाला.

नेमक्या त्याच सुमाराला आमच्या सोसायटीचा इंटरकॉम बिघडला. इंटरकॉम बिल्डरच्या काळातला. प्रत्येक घरात एक पिवळट पांढरा फोन, त्याला गुंडाळी वायर, आणि जिन्याखाली एक पेटी. त्या पेटीत उंदरांनी संसार थाटला होता. दोनशे एकला फोन लावला की तीनशे दोनमध्ये वाजायचा, आणि मधेच भलत्याच घरातलं बोलणं ऐकू यायचं. एकदा मी वॉचमनला फोन लावला तर तिसऱ्या मजल्यावरच्या राजेश्वरी मॅडमचा आवाज आला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि आमच्या खजिनदार. त्या कुणाला तरी सांगत होत्या, “सेक्रेटरीला काही येत नाही हो, पण मनाने चांगला आहे.” मी फोन ठेवला. यातल्या कुठल्या अर्ध्याने मला जास्त लागलं ते अजून ठरलेलं नाही.

अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच लाइन ठणठणीत होती. एकशे चार ते चारशे चार.

एकशे चारमध्ये यशोदाबाई राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासरची. बिल्डरने त्या बदल्यात त्यांना खालचा फ्लॅट दिला होता. त्यामुळे आम्ही बाकीचे तेवीस जण कर्ज काढून मालक झालेले, आणि त्या जन्माच्या मालकीण. पार्किंगवरून भांडणं लागली की त्या शांतपणे म्हणायच्या, “तुजी गारी उबी हाय ना, तिथं आमची भाताची रास पराची.” यावर कोणत्याच उपविधीत उत्तर नाही.

तर या यशोदाबाई मला रोज सकाळी सात वाजता इंटरकॉमवर फोन करायच्या.

“नंदू, पानी आला का रं?”

“आलंय मावशी.”

“बरा.” आणि फोन बंद.

पाणी त्यांच्या नळालाही तेव्हाच यायचं. किंबहुना त्यांच्याकडे आधी यायचं, पहिला मजला म्हणून. मी दाढीचा फेस तोंडाला लावून धावत यायचो आणि त्यांना त्यांच्याच नळाची बातमी द्यायचो. सुचित्रा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, “असू दे हो. म्हातारं माणूस आहे.” मी म्हणायचो, “म्हातारं माणूस आहे म्हणून नळ उघडून बघायचा नाही?” नव्या इंटरकॉमची कल्पना मला देशाच्या प्रगतीतून सुचली असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यात सकाळच्या सातचाही थोडा वाटा होता, हे आत्ता पहिल्यांदाच सांगतोय.

मीटिंग गच्चीवर भरली. मी अहवालातला एक आलेख मोठा छापून नेला होता आणि तो पाण्याच्या टाकीला चिकटवला.

“ही रेषा कशाची?” राजेश्वरी मॅडमनी विचारलं.

“वाढीची.”

“कुणाच्या?”

“एकूणच.”

मग सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, पिंजरा लावा, उंदीर गेले की फोन सुधारेल. कुणी म्हणालं, व्हॉट्सॲप ग्रुप आहे की. कुणी म्हणालं, ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांतून गेटवर आलेला माणूस शोधायचा कसा? एका गृहस्थांनी गावच्या देवळासारखी घंटा सुचवली, एक टोला म्हणजे पहिला मजला, चार टोले म्हणजे चौथा. हा प्रस्ताव दहा मिनिटं गंभीरपणे चर्चिला गेला आणि मी अपमान गिळत आलेखाचा सुटलेला कोपरा दाबून धरत उभा राहिलो.

शेवटी पुढच्या खुर्चीवरून यशोदाबाई म्हणाल्या, “नंदू, ह्यो नवा फोन मना उचलाया जमंल?”

“एकदम सोपं आहे मावशी.”

“मंग कर. येवरा शिकलेला पोर बोलतंय तं खरा असंल.” आणि त्यांनी पहिला हात वर केला. जमिनीच्या मूळ मालकिणीने हात वर केल्यावर बाकीचेही झाले.

कंपनीतर्फे केयूर नावाचा तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीला लॅपटॉप. मी अहवालातली चार वाक्यं फेकली तसा तो खुर्चीच्या टोकावर आला. “सर, तुमचं व्हिजन आहे! आमच्याकडे आत्ताच सीरीज एची, म्हणजे पहिली मोठी गुंतवणूक झालीय.” ‘सीरीज’मधली री दीर्घ ठेवायची की ऱ्हस्व, यावर मी ऑफिसात एक दिवस घालवला होता. त्यामुळे मला त्या गुंतवणुकीबद्दल आपुलकीच वाटली. पद्धत सोपी होती. तारा नाहीत, पेटी नाही. गेटवर कुणी आलं की कान्हा वॉचमन त्याच्या मोबाइलवर घर निवडणार, तुमच्या मोबाइलवर इंटरनेटवरून फोन येणार, तुम्ही हिरवं बटण दाबलं की माणूस आत.

मग कागदपत्रं. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, ठराव, सेक्रेटरीची ओळख. माझ्या आधारवर ‘नंदकुमार’ आणि पॅनवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. जगाच्या चुका सुधारून पोट भरणाऱ्या माणसाचा अर्ज नावातल्या चुकीसाठी तीनदा परत आला. चौथ्यांदा मी ‘मीच तो’ असं शपथपत्र करून दिलं. पन्नाशी उलटल्यावर माणसाला हे नोटरीसमोर सांगावं लागतं.

जुने फोन भंगारवाला घेऊन गेला. यशोदाबाईंनी त्यांचा दिला नाही. “ऱ्हाऊ दे. शोभंला हाय.”

पहिल्या दिवशी ज्या घरांची नोंद झाली नव्हती, त्या सगळ्यांचे फोन सेक्रेटरीच्या, म्हणजे माझ्या मोबाइलवर येऊ लागले. मी वाशीत साहेबांसमोर बसलेलो आणि कान्हा विचारतोय, “साहेब, दोनशे तीनला ब्युटी पार्लरवाली आलीय, सोडू?” मग पिझ्झा. मग कुणाच्या तरी सासूबाई, ज्यांना मी चुकून लाल बटण दाबून गेटवरून परत पाठवलं. त्या सासूबाईंच्या सुनेने मात्र मला घरी बोलावून शिरा खाऊ घातला. क्रांतीत असे लाभ होतात.

यशोदाबाईंचा प्रश्न राहिला. त्यांचा मोबाइल बटणांचा, आलेला फोन उचलण्यापुरताच त्यांना जमणारा; त्याच्यावर ॲप चालेना. केयूर म्हणाला, “सर, तात्पुरता जवळच्या नातेवाइकांचा नंबर टाकू या.” त्यांचा पुतण्या हरेश पनवेलला विटा-वाळूचा धंदा करायचा. त्याचा नंबर टाकला. आठवड्याने त्याचा मला फोन आला, मागे टेम्पोचा हॉर्न.

“सेक्रेटरी, मी हितं रेतीवर उबा हाय, आन तुमचा वॉचमन मना इचारतो काकीचा दूधवाला सोरू का! मना काय म्हाईत दूधवाला कसा दिसतो? मी आपला हिरवा दाबतंय सगल्यांना.”

“तेवढंच दाबा. महिन्याभरात व्यवस्था करतो.”

“टेन्शन नाय,” तो म्हणाला. माणूस भला होता.

सकाळी सात वाजता आता शांतता असायची. चार दिवस मी दाढी निवांत केली. पाचव्या दिवशी सात वाजता दार वाजलं. यशोदाबाई. तीन जिने चढून आलेल्या, एक हात कठड्यावर, एक कमरेवर.

“नंदू, पानी आला का रं?”

सुचित्राने त्यांना बसवलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चहाबरोबर त्या सुचित्राशी अर्धा तास बोलायच्या आणि मग उतरायच्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. दहा-बारा दिवस हे चाललं. मला त्याची काळजी वाटायची असं मी म्हणेन. म्हणजे वाटायचीच. पण त्या काळजीत हेही होतं की बिल्डिंगमध्ये चर्चा सुरू झाली होती. राजेश्वरी मॅडम जिन्यात म्हणाल्या, “सेक्रेटरी, तुमच्या त्या वर जाणाऱ्या रेषेवर आता म्हातारी माणसं चढतायत.”

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी दारातच म्हणालो, “मावशी, तुम्ही आता वर येऊ नका. पाणी आलं की मी ॲपवर टाकतो. हरेशला कळेल, तो तुम्हाला फोन करेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नको येऊ?”

“तुमच्याच पायांसाठी म्हणतोय.”

“बरा,” म्हणाल्या आणि वळल्या. सुचित्रा चहाचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा त्या तिसऱ्या मजल्याच्या वळणावर होत्या.

“काय सांगितलंत त्यांना?” तिने विचारलं. मी सांगितलं. तो कप तिने स्वतः प्यायला, उभ्याउभ्याच.

त्यानंतर त्या वर आल्या नाहीत. मी रोज सकाळी नेमाने ॲपवर टाकत होतो, ‘पाणी आले आहे.’ खाली बावीस अंगठे यायचे. हरेशचाही यायचा. तो काकीला फोन करत होता का, हे मी विचारलं नाही. तोही कामाचा माणूस, सकाळी सातला रेतीच्या गाड्या उतरवणारा.

ते घडलं मंगळवारी. मला कळलं बुधवारी.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मी वाशीला असताना सुचित्राचा फोन आला. भाजी घेऊन वर येताना तिला एकशे चारच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या दिसल्या. एक कालची, फुगलेली. बेल वाजवली, दार उघडेना. कान्हाने हरेशला फोन लावला, हरेश चावी घेऊन वीस मिनिटांत आला.

यशोदाबाई मंगळवारी पहाटे बाथरूममध्ये पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. तशाच त्या हातावर सरपटत बाहेरच्या खोलीपर्यंत आल्या होत्या. टीपॉयवरचा तो शोभेचा फोन खाली ओढलेला होता आणि रिसीव्हर त्यांच्या हाताशी होता.

शेजारचं एकशे तीन गावाला गेलेलं. वरच्या घरात टीव्ही. आणि मी त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना सवयीने ॲप पाहिलं होतं. एकशे चार : दूध, स्वीकारले. एकशे चार : गॅस, स्वीकारला. सगळं हिरवं. पनवेलच्या रेतीवर उभा राहून हरेश स्वीकारत होता. गॅसवाला बेल वाजवून, दार उघडत नाही म्हणून सिलिंडर परत घेऊन गेला होता. ते नोंदवायची सोय ॲपमध्ये नव्हती.

त्यांना हॉस्पिटलमध्ये आत नेलं होतं आणि बाहेरच्या बाकावर मी आणि सुचित्रा बसलो होतो. मी म्हणालो, “मला कळत नाही, त्या रोज पाण्याचं का विचारायच्या? नळ तर त्यांच्याच घरात होता.”

सुचित्राने माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला खरंच माहीत नाही?”

“नाही.”

“एकट्या राहायच्या. सकाळी एकदा कुणाच्या तरी कानावर आपला आवाज गेला पाहिजे, म्हणजे ज्या दिवशी जाणार नाही त्या दिवशी कुणीतरी बघायला येईल. मला त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या, उगाच ओझं वाटेल म्हणून.” मग ती म्हणाली, “मी सांगायला हवं होतं. त्या दिवशी तरी.”

आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आहेत. इतकी वर्षं भांडणात दोष कुणाचा हे आम्हाला चटकन ठरवता यायचं. त्या दिवशी दोघांनीही तो उचलायला हात पुढे केला आणि दोघांनाही तो उचलवला नाही.

ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला. मी रोज ऑफिसला जाताना आधी हॉस्पिटलमध्ये जायचो. एक दिवस त्या जाग्या होत्या. मी बरंच काही ठरवून गेलो होतो. तोंडातून एवढंच आलं, “मावशी, माझ्यावर रागावलात का?”

“कशाला रं?” त्यांना खरंच कळलं नाही. “तू बोललास वर येवाचा नाय, मंग मी नाय आली. शेक्रेटरी तू. कायदा तं पालायला पायजे.” आणि मग धाप लागली तरी त्या पुढे बोलल्या, “तुजा त्यो नवा फोन चालतो का बरोबर?”

“चालतो मावशी.”

“मंग बरा झाला. तू येवरा खपलास त्याच्यासाठी.”

मी बाहेर येऊन पाण्याच्या कूलरपाशी उभा राहिलो. एक आया म्हणाली, “काका, तो बंद आहे, खाली प्या.” मी मान हलवली आणि तिथेच उभा राहिलो.

एकोणिसाव्या दिवशी त्या गेल्या. ॲपवर मी बातमी टाकली. ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते’ हे वाक्य मी आजवर हजार वेळा तपासलं असेल. त्यात चूक काढण्यासारखं काही नसतं. खाली हात जोडलेले आले आणि सवयीने दोन अंगठेही.

मासिक मीटिंगमध्ये मी राजीनामा दिला. तो कुणी स्वीकारला नाही, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, “नंदकुमार, आम्ही सगळ्यांनीच हात वर केले होते.” तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. त्या मीटिंगला केयूरही आला होता. झाल्या प्रकाराबद्दल त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. त्याने लॅपटॉप उघडला आणि हळू आवाजात सांगितलं की कंपनी आता ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी सेवा आणतेय. रोज सकाळी मशीन आपोआप फोन करेल, ‘आपण ठीक असाल तर एक दाबा.’ या विभागात वाढीला फार वाव आहे आणि गुंतवणूकदारांनाही कल्पना खूप आवडलीय. त्याच्या पडद्यावर एक रेषा होती. कुणी काही विचारलं नाही. सुचित्रा उठली आणि गच्चीवरून खाली निघून गेली.

दोन महिन्यांनी हरेशने एकशे चार भाड्याने दिलं. मी त्याला गाठून सगळं सांगितलं, सातच्या फोनपासून. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “सेक्रेटरी, हिरवा बटन तं मी दाबत व्हतो.” आणि टेम्पोत बसून निघून गेला.

भाडेकरू तरुण जोडपं आहे, स्वानंद आणि ऋता. दोघं इथूनच ऑनलाइन काम करतात. आल्या दिवशी त्यांनी ॲप उतरवलं आणि मला निरोप पाठवला, ‘काका, आमची नोंद होत नाहीये. आधीच्या रहिवाशांचं नाव काढावं लागेल असं दाखवतंय.’

मी ते पान उघडलं. ‘यशोदाबाई, एकशे चार. रहिवासी काढा. कारण निवडा.’ घर विकले. भाडेकरार संपला. चुकून नोंद झाली. तीनच कारणं होती. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. मोबाइल बंद करून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी उघडला, पुन्हा ठेवला. असे पाच आठवडे झाले आहेत.

हरेशने आपला नंबर त्यातून काढून घेतलाय, त्यामुळे एकशे चारकडे कुणी आलं की यंत्र त्याला सोडत नाही. कान्हा मला साधा फोन करतो आणि मी, ऑफिसात असलो तर सुचित्रा, चार जिने उतरून गेटवर जातो. ऋताची आई आली, तिची बॅग मी आणली. स्वानंदचे मित्र आले, त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेलो. बिल्डिंगमध्ये लोक हसतात, क्रांती करून शेवटी सेक्रेटरीच गेटवर उभा. ऋताने एकदा विचारलं, “काका, तुम्ही रोज कशाला त्रास घेता? एक बटण तर दाबायचंय.” मी म्हटलं, जिना चांगला असतो गुडघ्यांना. बेल वाजवली की दार उघडेपर्यंत मी थांबतो. आत माणूस दिसला की वर येतो.

केयूरचा दर सोमवारी फोन येतो. “सर, सिस्टिममध्ये तुमच्या सोसायटीची एक एंट्री पेंडिंग दिसतेय.”

मी म्हणतो, दिसू दे.